नजरेचा रोजमेळ

शाखेत संगणक येण्यापूर्वीचे दिवस आठवतात. सायंकाळी रोजमेळ जुळला नाही, तर कोणी घरी जात नसे. शिपायाने पुढची दारे लोटून घेतलेली असत, आणि आम्ही चार-पाच जण लेजरे उघडून बसलेलो असू. फरक नव्वद रुपयांचा आहे असे निघाले, की आमचे ज्येष्ठ सहकारी प्रथम म्हणत, "नऊने भाग जातो का पाहा." भाग गेला तर बहुधा कोणाच्या हातून आकड्यांची अदलाबदल झालेली असे, ५४० चे ४५० झालेले असत. फरकाला दोनाने भाग गेला, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. १२५ रुपये नावेऐवजी जमेला लागले, की तेरजेत फरक २५० चा दिसतो. या दोन्ही किल्ल्यांनी कुलूप उघडले नाही, तर मात्र पानामागून पान डोळ्यांखालून घालावे लागे. माझे घर पेणला आणि नोकरी रोह्याला. गाडी चुकली तर निडी, नागोठणे, कासू हा सारा मार्ग रस्त्याने कापावा लागणार, ही धास्ती मनात असे. तरीही तो चुकलेला आकडा नजरेस पडला, की होणारा आनंद काही निराळाच होता.

रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांचे यांत्रिकीकरण सुरू झाले. आमच्यासारख्या तालुक्याच्या शाखेत ते पोचण्यास आणखी काही वर्षे लागली. मग यंत्रच रोजमेळ जुळवू लागले आणि फरक शोधण्याचे काम हळूहळू संपुष्टात आले. सर्वांना हायसे वाटले, मलाही वाटले. पण त्याच यंत्राबरोबर काही खेळही शाखेत आले. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये सॉलिटेअर हा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव होता. मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी या तरुणाने तो रचला आणि त्याला त्याबद्दल रॉयल्टी मिळाली नाही, हे वाचल्यापासून माझ्यातल्या हिशेबनिसाला चुटपुट लागून राहिली आहे. माऊसने वस्तू धरावी, ओढावी, सोडावी, ही सवय माझ्या बोटांना जेवणाच्या सुटीत त्याच खेळाने लावली.

पुढे फ्रीसेल आला. त्यात ३२,००० डाव क्रमांक देऊन ठेवलेले असत. सारे पत्ते आरंभीच उघडे असल्याने पुढच्या खेळात नशिबाला वाव नाही. जे करायचे ते विचाराने. त्यातला ११९८२ क्रमांकाचा डाव मी महिनाभर सोडवीत होतो आणि स्वतःच्या बुद्धीला बोल लावीत होतो. नंतर कळले, की १९९४-९५ मध्येच इंटरनेटवरील हौशी खेळाडूंनी हे सर्व डाव आपसांत वाटून घेऊन सोडविले होते आणि शेवटी न सुटलेला एकच डाव राहिला होता, तो हाच. बत्तीस हजार खात्यांत एक खाते असे, की जे जुळणारच नाही! हे आधी ठाऊक असते तर मी तो डाव हाती घेतला नसता, असे म्हणावेसे वाटते. पण ते खरे नाही.

निवृत्तीनंतर अमेरिकेतील भाच्याने आपला जुना लॅपटॉप मला दिला, आणि त्यात ‘लपलेल्या वस्तू शोधा’ या जातीचे काही खेळ होते. ज्या वाचकांनी असा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पडद्यावर एक चित्र येते: एखाद्या जुन्या वाड्याचा माळा, बंद पडलेले औषधाचे दुकान, पसाऱ्याने भरलेली अभ्यासिका. खाली दहा-बारा वस्तूंची यादी असते. त्या वस्तू चित्रातल्या शेकडो वस्तूंत कोठेतरी असतात. त्या शोधून त्यांवर टिचकी मारायची. सर्व सापडल्या, की कथेचे पुढचे दार उघडते. मधूनमधून कुलपे, चक्रे, सरकत्या फरशा यांची कोडी येतात. संगणकावर या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती सिएटल येथील बिग फिश गेम्स या कंपनीच्या ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ या २००५ च्या खेळापासून. छापील रूपात याचे मूळ आणखी मागे जाते. मार्टिन हँडफर्ड यांची वॉली नावाच्या पट्टेरी सदऱ्यातल्या मुलाला गर्दीत शोधण्याची पुस्तके १९८७ पासून निघत आहेत, आणि दोन चित्रांतील फरक ओळखण्याची कोडी आपण सर्वांनी लहानपणी सोडविली आहेत.

त्या खेळांची विक्रीची रीत मला फार आवडली होती. पहिला एक तास फुकट. आवडला तर एकदाच किंमत मोजायची, आणि मग खेळ तुमचा. कापडाच्या दुकानात ताग्याचे टोक हातात घेऊन पोत पाहावा आणि मग सौदा करावा, तसे. आणि मुख्य म्हणजे त्या खेळाला शेवट होता. दहा-बारा दिवसांनी गुन्हेगार सापडे, वाड्याचे रहस्य उलगडे, आणि लॅपटॉप बंद होई.

पेणच्या पावसाळ्यात सायंकाळी बाहेर पडण्याची सोय नसते. चौविहार असल्याने आमचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असे. मग प्रतिक्रमण झाल्यावर मी आणि माझी पत्नी लॅपटॉपसमोर शेजारी-शेजारी बसू लागलो. आरंभी ती केवळ सोबत म्हणून बसे. चार दिवसांत लक्षात आले, की मी यादी वाचीपर्यंत तिच्या तीन वस्तू शोधून झालेल्या असतात. मी डावीकडून उजवीकडे, वरून खाली, लेजर तपासावे तसा चित्र तपासत असे. ती तसे काहीच करीत नसे. "अहो, ती काय खुर्चीच्या पाठीवर," एवढेच म्हणे. आणि खरोखरच खुर्चीच्या नक्षीतली एक वेल म्हणजे मागितलेला साप असे.

या फरकाविषयी मी बराच विचार केला. आपली नजर एका वेळी सारे चित्र सारख्याच स्पष्टतेने पाहत नाही. डोळ्याच्या मध्याशी असलेला अगदी लहान भागच बारकावे टिपतो, आणि नजर सेकंदाला साधारण तीन उड्या मारीत ते बारकावे गोळा करते. १९८० मध्ये ॲन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने आपल्या सहकाऱ्याबरोबर यासंबंधी एक सिद्धान्त मांडला. हिरव्या ठिपक्यांत एक तांबडा ठिपका असेल, तर तो शोधावा लागत नाही, आपणहून डोळ्यांत भरतो. पण रंग आणि आकार या दोन्ही खुणा एकत्र जुळवून एखादी वस्तू ओळखायची असेल, तर लक्ष एकेका वस्तूवर नेऊन ठेवावे लागते. खेळ रचणारे नेमके येथेच आपल्याला अडवितात. पिवळी चावी ते पिवळ्या पडद्याच्या झालरीत ठेवतात. हातोडा आडवा न ठेवता खिडकीच्या चौकटीत उभा बसवितात. बुद्धिबळाचे घोडे कपाटाएवढे मोठे करतात आणि हत्ती सुईएवढा लहान. म्हणजे जी वस्तू आपण ‘एवढी असेल’ असे गृहीत धरून शोधतो, ती समोर असूनही दिसत नाही. काही वस्तूंचे अर्धे अंग दुसऱ्या वस्तूमागे दडविलेले असते. या साऱ्यावर मला सापडलेला उपाय असा, की वस्तू शोधू नये, तिची कडा शोधावी. आणि दोन मिनिटांत सापडली नाही, तर नजर चित्राबाहेर नेऊन, खिडकीतून पावसाकडे पाहून पुन्हा आणावी. लेजरातला फरकही पुष्कळदा चहा पिऊन आल्यावरच सापडत असे.

दुसरी अडचण भाषेची होती. एम. कॉम.पर्यंतच्या शिक्षणाने मला डिबेंचर आणि डेप्रिसिएशन शिकविले, पण थिंबल म्हणजे काय, हे शिकविले नव्हते. ते पत्नीने चित्रावरून ओळखले. शिवणकाम करताना बोटात घालायचे अंगुस्तान! बेलोज म्हणजे लोहाराचा भाता, स्पूल म्हणजे दोऱ्याचे रीळ, वेदरव्हेन म्हणजे छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखविणारा कोंबडा. असे शे-दीडशे शब्द आम्ही एका वहीत उतरवून काढले. त्यातही रचणाऱ्यांचा खोडकरपणा असतोच. यादीत बॅट असे लिहिले, तर ती फळी समजून आपण कोपरे धुंडाळतो आणि वर तुळईला वटवाघूळ लटकत असते. बो म्हणजे धनुष्यही आणि फितीची गाठही. क्रेन म्हणजे यारीही आणि क्रौंच पक्षीही. एकदा यादीत पेन होते. टाक, दौत, बोरू सारे पाहून झाले; ते निघाले चित्रातल्या मेंढ्यांचे कुंपण. आमच्या गावाच्या नावाशी इतके जवळचे असूनही ते मला ठाऊक नव्हते, याची थट्टा घरात पुढे बरेच दिवस चालली.

रोह्यातील एक हार्डवेअरचे व्यापारी माझे जुने खातेदार आहेत. एकदा त्यांच्या पेढीवर बसलो असताना मी त्यांना हा खेळ कौतुकाने दाखविला. त्यांनी पाच मिनिटे पाहिले. तेवढ्यात गिऱ्हाईक आले, अर्धा इंची एल्बो हवा म्हणाले. शेठजींनी मान न वळविता मागच्या फळीवरच्या चौथ्या डब्यात हात घातला आणि एल्बो काढून समोर ठेवला. मग मला म्हणाले, "साहेब, हेच तर मी दिवसभर करतो. फरक एवढाच, की मला त्याचे पैसे मिळतात."

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा आक्षेप याहून गंभीर असतो. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे, त्यामुळे खेळ हा शब्द ऐकताच त्यांच्या कपाळावर आठी पडते. तिच्यात तथ्य आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा करून पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळण्याच्या खेळांना बंदी घातली, ती उगीच नव्हे. परंतु बुद्धीची करमणूक आपल्या परंपरेला परकी नाही. जैन परंपरेत चौऱ्याऐंशी घरांचा ज्ञानचौपड खेळला जात असे. आजच्या सापशिडीचा तो जवळचा नातलग. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात तर दारावरच सोळा घरांचा चौरस कोरलेला आहे. पहिल्या ओळीत ७, १२, १, १४. दुसरीत २, १३, ८, ११. तिसरीत १६, ३, १०, ५. चौथीत ९, ६, १५, ४. आडवी, उभी किंवा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोणतीही बेरीज करा, ३४ येते. त्यातच दोन-दोन घरांचे चौकोन निवडून बेरजा करून पाहाव्या, असे वाचकांना सुचवितो. ज्याने तो चौरस मंदिराच्या दारावर कोरविला, त्याला कोड्याचा तिटकारा नसावा.

तेव्हा खेळ द्यूत नाही, एवढे मी कोणालाही पटवून देत असे. मला स्वतःला जे कळायला उशीर लागला, ते वेगळे आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्यास बसलो आहे.

तीन वर्षांपूर्वी मी असाच एक शोधाचा खेळ मोबाईलवर घेतला. फुकट होता. चित्रे सुरेख, कथा गुंतविणारी. त्यात प्रत्येक चित्र उघडण्यास ‘ऊर्जा’ नावाची काल्पनिक शिल्लक लागे. एका चित्राला वीस ऊर्जा खर्च होई आणि दर तीन मिनिटांनी एक ऊर्जा परत मिळे. म्हणजे दोन मिनिटांच्या शोधासाठी एक तासाची प्रतीक्षा. ज्याला थांबवत नाही, त्याच्यासाठी हिरे; हिऱ्यांनी ऊर्जा मिळे, आणि हिरे रुपयांनी मिळत. पहिल्यांदा मी ८९ रुपये दिले, तेव्हा मनाशी म्हटले, की पूर्वी खेळ विकत घेतच होतो, हे त्याहून स्वस्तच आहे. पण येथे विकत काय घेतले, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. कर्जासाठी आलेल्या प्रत्येकाला तो मी तेहतीस वर्षे विचारीत होतो.

आणि या खेळाला शेवट नव्हता. दर आठवड्याला नवे चित्र येई. सापडलेल्या वस्तू पुन्हा त्याच चित्रात लपत आणि पुन्हा शोधाव्या लागत. पत्नी आरंभी डोकावत असे. मोबाईलचा पडदा दोघांच्या डोळ्यांना पुरणारा नव्हता. आणि खरे सांगायचे तर तिने पटकन सर्व वस्तू दाखविल्या, की माझी ऊर्जा लवकर संपे, म्हणून तिचे डोकावणे मला नकोसे होऊ लागले होते. काही दिवसांनी तिने ते सोडून दिले. ती जपमाळ घेऊन आत बसे, मी बाहेर मोबाईल घेऊन.

त्या वर्षी कार्तिकात मी पासबुक छापून आणले. सवयीने नोंदी तपासताना एकाच नावाच्या लहान-लहान रकमा दिसू लागल्या. कागद घेतला आणि खतावणी केली. ८९ रुपयांच्या चौदा नोंदी, १७९ च्या नऊ, ४४९ च्या पाच आणि ८९९ ची एक. एकूण २९ नोंदी, ६,००१ रुपये. सारा काळ आषाढापासून कार्तिकापर्यंतचा, म्हणजे नेमका चातुर्मासाचा. हिरव्या भाज्यांचा नियम मी पाळला होता, रात्रिभोजन टाळले होते, पर्युषणात एकासने केली होती. हे सारे चालू असताना खात्यातून हे पैसे जात होते. एकही नोंद चुकीची नव्हती. प्रत्येक वेळी बोट माझेच होते. रोजमेळात फरक नसतानाही तोटा असू शकतो, हे मी वाणिज्याचा पदवीधर असून प्रथमच पाहत होतो.

रक्कम मोठी नाही, असे कोणी म्हणेल. आपल्या पेढ्यांवर एका लग्नाच्या हंगामात याहून जास्त सूट द्यावी लागते. परंतु सूट दिली हे आपल्याला ठाऊक असते. मी कागद पत्नीला दाखविला. तिने चष्मा लावून बेरीज तपासली आणि म्हणाली, "वर एक रुपया आहे, म्हणजे अहेराचाच आकडा झाला. कोणाच्या लग्नाचा?" एवढे बोलून ती आत गेली. मी तो खेळ त्याच रात्री मोबाईलवरून काढून टाकला. पुढचे चार-पाच दिवस हात उगाच खिशाकडे जात होता, हेही नमूद करतो.

एक समजूत अनेक निवृत्त मित्र स्वतःला घालीत असतात, आणि मीही घालीत होतो: अशा खेळांनी स्मरणशक्ती टिकते, विसराळूपणा येत नाही. येथे सावध राहावे. असा दावा करून मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या लुमोसिटीच्या चालकांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाई केली आणि २०१६ मध्ये त्यांना वीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. खेळाने त्या खेळातले कौशल्य वाढते, हे मी माझ्यापुरते खात्रीने सांगेन. पण चष्मा कोठे ठेवला, हे मला आजही पत्नीलाच विचारावे लागते. आनंदासाठी खेळावे. तेवढे कारण पुरेसे आहे.

आता जुना लॅपटॉप पुन्हा बाहेर निघाला आहे. त्याची बॅटरी संपली आहे, तारेवर चालतो, आणि पेणला वीज गेली की खेळही थांबतो. त्यातले खेळ आमचे एकेकदा पूर्ण खेळून झालेले आहेत, तरी दीड-दोन वर्षांनी वस्तूंच्या जागा विसरायला होतात, ही वयाची एक सोय म्हणावी लागेल.

गेल्या मे महिन्यात नात सुट्टीला आली होती. तिला त्या खेळांतले परदेशी वाडे कंटाळवाणे वाटले. "आजोबा, आपल्या घराचा का नाही असा खेळ?" असे तिने विचारले. गणपतीपूर्वी पेणच्या एखाद्या मूर्तीच्या कारखान्यात उभे राहिले, तर शेकडो सोंडा, हात, मुकुट आणि डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेले चेहरे यांत एखादा उंदीर शोधणे हा केवढा खेळ आहे! पण मे महिन्यात ते जुळण्यासारखे नव्हते. म्हणून पत्नीने स्वयंपाकघराच्या माळ्यावरची सारी जुनी भांडी खाली काढून मांडली, नातीने मोबाईलवर छायाचित्र घेतले, आणि पत्नीने यादी लिहिली: सांडशी, रवी, सोऱ्या, फुंकणी, पाण्याचे गाळणे, उलथणे, परात, अडकित्ता, अशा बारा वस्तू.

नातीने नऊ शोधल्या. फुंकणीवर बोट ठेवूनच तिने विचारले, "फुंकणी म्हणजे काय?" थिंबलपुढे माझे जे झाले होते, तेच. रवी आणि सोऱ्या मी दाखविले. अडकित्ता मात्र मला सापडेना. मी छायाचित्र मोठे केले, कडा तपासल्या, डाव्या कोपऱ्यापासून ओळीने पुन्हा पाहिले, उठून चहा घेऊन आलो. पाऊण तास झाला. पत्नी ताक घुसळीत हे सारे पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या घरात अडकित्ता कधी होता?"